गाडी पाण्यावर चालली, दमले मी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. आहे म्हणते खरी, पण आता माझी नुसती काळी पेटी उरली आहे. पोटातल्या शिशाच्या पट्ट्या केव्हाच काढून नेल्या. उरणच्या मोरा बंदराजवळच्या एका घराच्या ओटीवर मी उपडी पडलेली असते. माझ्यावर बसून कोणी मासळी निवडतं, कोणी पाय चोळतं, कोणी नुसतंच समुद्राकडे बघत बसतं. आणि महिन्यातून एकदा तरी कोणीतरी ती गोष्ट काढतोच. "आमच्या मोऱ्यात गाडी पान्यावर चालली व्हती, ठाव हाय का तुमाला?" ऐकणारा आ वासतो. सांगणारा मिशीवरून हात फिरवतो. दहा वर्षं झाली, मी हे खालून ऐकते आहे. माझं नाव त्यात एकदाही येत नाही. खरं सांगायचं तर आता बोलण्याचाही कंटाळा आला आहे. तरी आज बोलते.

माझा जन्म मुंबईतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. मोठी लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. काळ्या कडक रबराची पेटी, पेटीत तीन खण, प्रत्येक खणात शिशाच्या पट्ट्या, पट्ट्यांवर तेजाबाचं पाणी, आणि वरून डांबर ओतून बंद केलेलं झाकण. एकेका खणाचे दोन व्होल्ट, तिन्हींचे मिळून सहा. पहिल्यांदा वीज भरली तेव्हा वाटलं, आपण आता जग हलवू. तरुणपणी सगळ्यांनाच वाटतं तसं.

माझं काम सांगायला सोपं आहे. वीज पोटात घ्यायची, सांभाळायची आणि मागितली की द्यायची. पण एक गोष्ट मी पहिल्याच आठवड्यात शिकले. घेतली तितकी वीज मला परत देता येत नाही. थोडी अंग तापण्यात जाते, थोडी बुडबुड्यांत जाते. हो, बुडबुड्यांत! कोणी मला जास्तच भरलं की माझ्या पोटातलं पाणी फुटतं आणि त्याचा वायू होऊन वर येतो. त्यातलाच एक हायड्रोजन. एकदा पनवेलच्या कमळाकर मिस्त्रींनी माझी बुचं उघडून आत डोकावून पाहिलं, आणि तोंडात पेटलेली विडी होती. फट्! मिस्त्रींची अर्धी मिशी गेली. तेव्हा सांगायचं एवढंच की पाण्यातून हायड्रोजन काढणं मला कोणी शिकवायला नको होतं. मी तो जन्मभर काढत आले. फक्त त्याची बढाई मी कधी मारली नाही.

मी तीन-चार गाड्यांतून फिरले. दोनदा माझ्या पट्ट्या बदलल्या. शेवटी एका जुन्या, टपावर ताडपत्री ताणलेल्या मोटारीत मला बसवलं आणि ती मोटार रोहिदासनं घेतली.

रोहिदास मोऱ्याचा. बाप होडीवर होता, पण रोहिदासला पाण्यापेक्षा चाकांचं वेड. भाऊच्या धक्क्यावरून लाँच आली की उतारू घ्यायचे, उरणला सोडायचे, तिथून जासईला, कधी पनवेलला. सहा माणसांच्या गाडीत अकरा बसवायचा आणि बाराव्याला म्हणायचा, "ये रे, पाय बाहेर काडून बस." पण त्यानं गाडी काही उतारूंसाठी घेतली नव्हती. ती त्यानं चंदासाठी घेतली होती.

चंदा त्याची बायको. लग्नाआधीपासून ती मिठागरावर पाट्या वाहायची. पहिल्या खेपेला तिला कळा लागल्या त्या ऐन ओहोटीला. मोऱ्याची ओहोटी तुम्ही पाहिली नसेल. पाणी इतकं मागे जातं की लाँच धक्क्याला लागतच नाही, नुसता चिखल. रोहिदासनं बैलगाडी जोडली आणि पनवेलची वाट धरली. बैल ते बैल. पोचेपर्यंत मूल पोटातच गेलं. घरी आल्यावर रोहिदास तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "पुडल्या टायमाला गाडी दारात उभी करीन. तुजी आन." चंदा म्हणाली, "बघू."

हे सगळं मी नंतर ऐकलं, गाडीत बसणाऱ्या बायकांच्या तोंडून. पण त्यामुळे एक झालं. रोहिदास माझी काळजी फार घ्यायचा. दर रविवारी बुचं उघडून पातेल्यात उकळून वाफ धरलेलं शुद्ध पाणी घालायचा, माझी टोकं पुसायचा. गाडी चालू झाली की म्हणायचा, "शाबास गो बाय!" मला खरंच बरं वाटायचं. इतक्या वर्षांत मला शाबास म्हणणारा तो एकटाच.

मग सत्तावन्न साल उजाडलं. चंदाला पुन्हा दिवस गेलेले होते आणि आठवा महिना संपत आला होता. नेमकं त्याच वेळी पेट्रोलचं दुखणं सुरू झालं. दूर कुठे सुएझचा कालवा बंद पडलाय म्हणे, असं लाँचवरून येणारे लोक सांगत. आमच्याकडे पेट्रोलचं पिंप कधी यायचं, कधी नाही. रोहिदासचा जीव टांगणीला लागला. त्यानं दोन गॅलनचा एक डबा काठोकाठ भरला, तोंडाला चिंधी बांधली आणि सीटखाली ठेवून दिला. "हा चंदाचा. याला कोनी हात लावायचा नाय." उतारू ओरडले तरी त्यानं तो डबा उघडला नाही. पण रोजच्या फेऱ्यांना पेट्रोल कुठून आणायचं? आठवड्यातले तीन दिवस गाडी दारात उभी राहायला लागली.

अशातच एका शनिवारी चंदाचा धाकटा भाऊ बाळाराम लाँचनं आला. हा मुंबईच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेत नोकरीला. काचेच्या नळ्या धुवायच्या, बाटल्या मांडायच्या, सर शिकवतात तेव्हा मागे उभं राहायचं. मागे उभं राहून तो पुष्कळ शिकला होता. अडचण एकच, तास संपायच्या आधीच त्याला पुढच्या वर्गाच्या बाटल्या मांडायला जावं लागायचं. त्यामुळे त्याला सगळे प्रयोग अर्धे येत.

"भावजी, पेट्रोलची फिकीर कशाला करता?" तो ओटीवर बसून म्हणाला. "पाणी म्हणजे दोन गॅस. वीज सोडली की वेगळे होतात. त्यातला एक फक्कन पेटतो. मी डोळ्यांनी बघितलंय. तो इंजिनात सोडला की झालं!"

रोहिदासच्या हातातला चहा तसाच राहिला. "म्हंजे पेट्रोल लागत नाय?"

"थेंब नाय."

चंदा दाराशी तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आनि ईज कुटली?"

"गाडीतल्या बॅटरीची, बाय."

"बॅटरीत कुटनं येते?"

"गाडी चालली की डायनामो भरतो ना."

"आनि गाडी कशावर चालनार?"

"गॅसवर!"

चंदानं सुपातला एक खडा काढून बाहेर फेकला आणि ती म्हणाली, "मंग कोन कोनाला जेवायला घालतंय?"

सगळे हसले. रोहिदास तर सगळ्यात मोठ्यानं हसला. मी गाडीत बसून ऐकत होते. मित्रांनो, मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडले असते की अहो, तिला हसू नका, या घरात ती एकटीच शहाणी आहे! पण मला कुठलं तोंड.

त्या शनिवारी त्यांनी मला गाडीतून काढून अंगणात ठेवलं. टॉर्चच्या जुन्या सेलमधून कोळशाच्या दोन कांड्या काढल्या, तारा जोडल्या आणि लोणच्याच्या बरणीत विहिरीचं पाणी घालून त्यात बुडवल्या. पाच मिनिटांनी एक बुडबुडा आला. मग दुसरा. बाळाराम म्हणाला, "सर पाण्यात काहीतरी थोडंसं घालतात. तेव्हा मी बाटल्या आणायला गेलो होतो." त्या गतीनं गाडी चालायला दिवाळी उजाडली असती. माझं म्हणाल तर मी खूश होते. एवढंसं द्यायला मला काहीच कष्ट नव्हते.

आणि मग रोहिदासला ती कल्पना सुचली. दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसाला ती सुचली नसती. "खारा पानी घालू या! त्याला आपल्याकडं काय तोटा?" बाळारामनंही मान हलवली. मिठाच्या पाण्यातून वीज चांगली धावते, एवढं त्यानं ऐकलं होतं. पुढचं ऐकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी रोहिदास मिठागरावर गेला. भरतीचं पाणी खणांत घेऊन, उन्हात आटवत आटवत मीठ धरायच्या बेताला आणतात, ते सगळ्यात दाट पाणी त्यानं मागितलं. तिथला धर्मा म्हणाला, "न्या की. पन याच्यावर गाडी चालली तर पहिली फेरी माजी." दोन डबे भरून आले. त्या लोकांना आपल्या मिठाचा फार अभिमान. पाणी जितकं दाट तितकं जोरदार, असं त्यांचं गणित. आणि खरंच, कांड्या बुडवल्याबरोबर बरणी खदखदायला लागली.

आई गं! काय सांगू तुम्हाला. ते पाणी माझ्याकडून वीज मागत नव्हतं, हिसकावून घेत होतं. गाडी सुरू करताना मला जोर लावावा लागतो, पण तो दोन श्वासांचा. इथं जोर लावायचा आणि लावतच राहायचा. सकाळी सात वाजता लागले ती दुपारचे बारा वाजेपर्यंत. माझं अंग तापलं. तारा तापल्या. एका कांडीवरून हायड्रोजन येत होता. तो उलट्या बाटलीत धरून नळीनं एका जुन्या ट्यूबमध्ये भरत होते. दुसऱ्या कांडीवरून मात्र भलतंच काहीतरी येत होतं, हिरवट आणि उग्र, विहिरीत पावडर टाकल्यावर येतो तसल्या वासाचं. मिठातला क्लोरीन तो! रोहिदासची आई पुतळाबाई शेजारी बोंबील वाळत घालत होती. तिला असा ठसका लागला की ती काठी घेऊनच आली.

"मेल्यांनो, मला मारताव का काय? आनि ह्या बगा, माज्या लुगड्याला डाग पडला!" हिरव्या लुगड्यावर हातभर पांढरा पट्टा उमटला होता. कोंबड्या केव्हाच कुंपणाबाहेर पळाल्या होत्या.

बाळाराम नाकाला रुमाल लावून म्हणाला, "आत्या, जरा लांब बसा. सायन्स आहे हे."

"तुज्या सायनला लागली आग," पुतळाबाई म्हणाली आणि बोंबील उचलून मागच्या अंगणात गेली.

दुपारपर्यंत सगळा गाव जमला. ट्यूब अर्धी फुगली होती. मला परत गाडीत बसवलं. रोहिदासनं हँडल मारून इंजिन थोड्या पेट्रोलवर सुरू केलं, मग पेट्रोलची चावी बंद केली. इंजिन आचके द्यायला लागलं तसं बाळारामनं नळी इंजिनाच्या हवेच्या तोंडात खुपसली आणि तो मडगार्डावर चढून ट्यूबवर बसला. आणि काय आश्चर्य, इंजिननं परत सूर धरला! थोडा खोकत, मधेच फटाका उडवत, पण चाललं. रोहिदासनं गियर टाकला. गाडी अंगणातून निघून पिंपळापर्यंत गेली. लोक मोठ्यानं तीस मोजेपर्यंत ती चालली. मग ट्यूब चपटी झाली आणि सगळं शांत झालं.

खोटं कशाला बोलू? माझ्यासुद्धा अंगावर काटा आला. हायड्रोजन जळला होता, गाडी हलली होती, मागच्या नळीतून धुराऐवजी वाफ आली होती. लोकांनी रोहिदासला खांद्यावर घेतलं. "पान्यावर गाडी! मोऱ्याची गाडी पान्यावर!" मी तेव्हा अर्ध्याहून जास्त रिकामी झाले होते. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. पाण्याच्या डब्याला मात्र कोणीतरी हळद-कुंकू लावलं.

इथंच थांबले असते तर! पण उशिरा आलेल्यांना परत बघायचं होतं. लाँचवरचे लोक म्हणाले, आमी व्हतो कुटं, परत चालवा. चंदा घरातून बाहेर आली. एक हात कमरेवर होता. ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, बस करा आता. तिला राहू दे."

"कोनाला?"

"बॅटरीला. सकालपासनं पिलताव तिला."

"ती काय मानूस हाय? गाडी चालली की भरंल." रोहिदास खुशीत होता. शाबास म्हणणारा तोच हा माणूस! मला वाईट वाटलं ते त्या वाक्याचं. तारा पुन्हा जोडल्या. पुन्हा ते दाट खारं पाणी. दोन तास मी देत राहिले आणि तिसऱ्या प्रहरी माझ्याकडे द्यायला काही उरलं नाही. बरणी शांत झाली. दुसरी ट्यूब पावसुद्धा भरली नव्हती. लोक थोडे हिरमुसले, थोडे हसले, घरोघर गेले.

आणि चंदाच्या पोटात कळ आली. दिवस भरायला अजून पंधरा दिवस होते.

पुतळाबाईनं तिला पाहिलं आणि लेकाला हाक मारली. "रोहिदास, गाडी काड. पानी गेलंय तिचा." समुद्राकडे बघायची गरजच नव्हती. ओहोटी होती, लाँच नव्हती. पनवेलच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मूल आडवं आहे, घरी काही करायला जाऊ नका, सरळ पनवेलला आणा.

रोहिदास धावला. चिंधी सोडून चंदाचा डबा टाकीत ओतला. मला घाईघाईनं जागेवर बसवून तारा आवळल्या. पाठच्या सीटवर गोधडी घालून चंदाला निजवलं. बटण दाबलं. टक्. एवढाच आवाज झाला. पुन्हा दाबलं. टक्. हँडल घेऊन पुढे गेला, दहा वेळा फिरवलं, वीस वेळा फिरवलं, मनगट सोलून निघालं. पण इंजिनाला पेट्रोल असून भागत नाही, ते पेटवायला ठिणगी लागते, आणि ठिणगी मी देते. माझ्याकडे नव्हती.

मित्रांनो, टाकी रिकामी नव्हती. ज्या पेट्रोलसाठी इतके दिवस जीव टाकला ते दोन गॅलन आत होतं. गाडी दारात उभी होती, आन घेतली होती तशीच. रिकामी होते ती मी.

रोहिदास परत येऊन बटण दाबत होता. टक्. टक्. प्रत्येक दाबण्याबरोबर माझ्यात जमलेला थेंबभर जोर तो सांडून टाकत होता. बाळाराम रडायच्या बेतात होता. "भावजी, माझं चुकलं. माझंच चुकलं."

"ढकला!" पुतळाबाई ओरडली. "तोंडाकडं काय बगताव? होडी ढकलताव ना? तशी ढकला!"

आणि गाव परत जमला. दुपारी ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनीच खांदे लावले. होडी वाळूवर ओढताना घालतात तीच आरोळी घालून त्यांनी गाडी रस्त्याला लावली. रोहिदास ढकलता ढकलता खिडकीतून हात घालून बटण दाबायचा. चढ लागला. गाडी माणसांच्या पावलानं चालली होती, बैलगाडीपेक्षाही हळू. आत चंदा ओठ दातांत धरून पडली होती. मला ती दिसत नव्हती, पण प्रत्येक कळेला सीटची स्प्रिंग कण्हायची ती ऐकू यायची. मला वाटलं, संपलं. याही खेपेला संपलं, आणि या खेपेला माझ्यामुळं.

तेव्हा चंदा बोलली. दोन कळांच्या मधे, अगदी हळू. "अवो, दाबू नका."

"काय?"

"सारखा दाबू नका तिला. मी पाट्या वायल्यात. दमून बसल्यावर मुकादम सारखा उठ उठ बोलला, तर पाय उचलत नाय. जरा बसू द्यावा लागतो. मंग एक पाटी तरी उचलता येते." तिनं श्वास घेतला. "बसू द्या तिला. चढ सरला का मंग एकदाच."

रोहिदासनं हात मागे घेतला. किल्ली बंद केली. सगळ्या तारा गप्प झाल्या.

कोणत्याही शिकलेल्या माणसानं तिला हे सांगितलेलं नव्हतं. पण खरं होतं ते. माझ्यासारखीला अगदी पिळून काढलं, तरी थोडा वेळ कोणी काही मागितलं नाही तर पोटातलं तेजाब हळूहळू सावरतं, पट्ट्यांपाशी परत येतं आणि थोडा दम येतो. अगदी थोडा. अर्धा तास ते लोक चढावर गाडी ढकलत होते. त्या अर्ध्या तासात मी निपचित पडून होते. मिठागरावरच्या पाटीवाल्या बायका मी पाहिल्या नव्हत्या, पण त्या कशा बसत असतील ते मला कळलं.

चढ सरला. समोर उतरण होती. "आता," चंदा म्हणाली. सगळ्यांनी एकदम जोर लावला, गाडी उताराला लागली, रोहिदासनं आत उडी मारून किल्ली फिरवली, गियर टाकला, आणि मी होतं नव्हतं ते सगळं त्या एका ठिणगीत घातलं. इंजिन खोकलं. धरलं! मागून लोक ओरडले ते मी ऐकलं. पुढचं मला नीट आठवत नाही. डायनामो भरायला लागला होता, पण माझ्यात काही जात नव्हतं.

दिवे लागायच्या सुमाराला आम्ही पनवेलला पोचलो. मुलगी झाली. जिवंत होती आणि चांगली किंचाळत होती. चंदाही वाचली, पण फार रक्त गेलं. डॉक्टर रोहिदासला म्हणाले, "तासभर आधी आला असतात तर एवढं झालं नसतं. आता हिला जड उचलायला लावू नका." रोहिदास मान खाली घालून उभा राहिला. गाडी वेळेवर का निघाली नाही, हे त्यानं डॉक्टरांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला कमळाकर मिस्त्रींकडे नेलं. मिस्त्रींनी डांबर फोडून पाहिलं. पट्ट्या वाकल्या होत्या, पांढऱ्या पडल्या होत्या. "हिला कुणी एवढं पिळलं रे?" ते म्हणाले. "ही आता कितीही भर, धरायची नाही." रोहिदासनं नवी बॅटरी घेतली. पण मला भंगारात टाकलं नाही, घरी आणलं. का, ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. पट्ट्यांचं शिसं वितळवून त्याच्या चुलत्यानं, पंढरीनं, जाळ्याला लावायच्या गोळ्या केल्या. माझं अर्धं अंग आता खाडीच्या तळाशी जाळं धरून बसतं. पेटी ओटीवर राहिली.

महिनाभरानं बाळाराम आला. या खेपेला त्यानं सरांचं पूर्ण ऐकून घेतलं होतं, बाटल्या दुसऱ्याला मांडायला लावून. तो रोहिदाससमोर बसला आणि म्हणाला, "भावजी, मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी फळ्यावर हिशोब करून दाखवला. त्या दिवशी बॅटरीतून जेवढं काढलं, तेवढ्या सगळ्याचा जो गॅस झाला, तो किती पेट्रोलच्या बरोबर? दोन चमचे. चहाचे दोन चमचे."

रोहिदासनं गाडीतल्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "डब्याच्या तोंडाला बांधली त्या चिंधीत याच्यापेक्षा जास्त असंल."

"पाणी फोडायला जितकं घालावं लागतं, तितकं परत मिळतच नाही. सर म्हणाले, गॅस चांगला आहे, धूर नाही, घाण नाही. मोटार त्याच्यावर चालेलही. पण तो गॅस म्हणजे पेट्रोलसारखा सापडलेला माल नव्हे. कोणीतरी आधी जोर लावून तो बनवायचा, मग कोंडायचा, मग वाहून न्यायचा. आणि तो जोर कोणाचा, हे आधी विचारायचं."

दारात महिन्याची पोर मांडीवर घेऊन चंदा बसली होती. तिनं हे पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

मला त्या वायूचा राग नाही, मित्रांनो. मिठागरात पाणी आटवतं ते ऊन. कोणाच्या डोक्यावर पाटी न देता ते दिवसभर काम करतं. उद्या कोणी त्या उन्हाकडून पाणी फोडून घेतलं तर माझी काय तक्रार? मोटारी खुशाल पाण्यावर चालोत. पण कोणी येऊन म्हणालं की अमुक एक फुकट चालतं, काही लागत नाही, तर तुम्ही एकदा वाकून खाली बघा. बघा, तिथं कोण बसलं आहे आणि ते किती दमलं आहे. त्याला वेळेवर पाणी द्या. पार रिकामं होईपर्यंत मागू नका. एवढं माझं मागणं आहे, आणि ते माझ्या एकटीसाठी नाही, हे मला परवा कळलं.

त्या मुलीचं नाव शेवंता. आता ती दहा वर्षांची आहे, शाळेत जाते. परवा ओटीवर कोणीतरी परत ती गोष्ट सांगून गेला. शेवंता दप्तर टाकून ऐकत होती. तेवढ्यात चंदा विहिरीवरून आली. कमरेवर भरलेला हंडा होता. डॉक्टर काय म्हणाले होते ते घरात सगळे विसरले. पाणी कोणीतरी आणायलाच हवं, आणि ते आणणारी तीच. हंडा खाली न ठेवता ती माझ्यावर टेकली. तिचा श्वास माझ्या पेटीत घुमत होता. रोज घुमतो.

"आय," शेवंतानं विचारलं, "खरंच गो, आपली गाडी पान्यावर चालली व्हती?"

"पान्यावर नाय बाय." चंदानं हातानं मला थोपटलं. दहा वर्षांत पहिल्यांदा. "ही मी बसलेय ना, हिच्यावर चालली. हिनं व्हता नव्हता सगला दिला, आनि नाव पान्याचा जाला."

शेवंता माझ्याकडे बघत राहिली. "मंग ती लय दमली असंल."

"दमनारच."

मग पोरीनं मान वर केली आणि आईकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं, कपाळावरचा घाम, हंड्याच्या काठावर पांढरी पडलेली बोटं. "आनि तू?" ती म्हणाली.

शेवंता उठली, तिनं दोन्ही हातांनी आईच्या कमरेवरचा हंडा उतरवून घेतला आणि थोडं पाणी सांडत, थोडी वाकडी होत, घरात नेला.